निर्गुडीला सांगितलेलं नाव

इंदुआत्या जाऊन दोन वर्षं झाली, तरी गोडदेव गावातल्या फ्लॅटमधून तिचं पाऊल काही हटलं नव्हतं. पहाटे समीक्षा कुशीवर वळली की पॅसेजमध्ये आवाज यायचा. एक पाऊल साधं, दुसरं फरशीवर घासत ओढलेलं. हत्तीरोगाने सुजलेला पाय घेऊन आत्या तशीच चालायची. पाहुणे आले की तिला आतल्या खोलीत बसवायचे, आणि फोटोत तर ती कायम कमरेच्या वरचीच. घरच्यांनीच जन्मभर लपवलेलं माणूस मेल्यावर तरी का गप्प बसेल?

दार उघडून बघायची समीक्षाची हिंमत नव्हती. आईला विचारायची तर त्याहून नाही. पांघरूण डोक्यावर ओढून ती पडून राहायची.

ती प्रयोगशाळेत निर्गुडीच्या पाल्याचा अर्क हत्तीरोगाच्या जंतांवर वापरून बघत होती. परवा बशीतले जंत वळवळायचे थांबले, तशी स्वारी पेढे घेऊनच घरी आली. लेकीच्या कामात कधी नाक न खुपसणारी शेवंती पेढा हातात धरून बसून राहिली.

"म्हंजे अवशद झाला?"

"औषध झालंच समज," समीक्षा आनंदाच्या भरात बोलून गेली.

पाला यायचा खाडीकाठच्या खारीतल्या त्यांच्या जुन्या शेताच्या बांधावरून. शेत गेलं, टॉवर आले, झुडूप तेवढं तग धरून होतं. पण आदल्या संध्याकाळी मुळाशी हळदकुंकू, तांदूळ ठेवून, आजाऱ्याचं नाव सांगून आवतण दिल्याशिवाय शेवंती पाल्याला हात लावू देत नसे. नाव न सांगता तोडलेलं औषध लागू पडत नाही, ही घरची रीत. नाव आत्याचंच असणार, दुसरं कोणाचं? समीक्षाने कधी विचारलंही नव्हतं.

पाला पुन्हा आणायचा होता, त्याच्या आदल्या संध्याकाळी ती पहिल्यांदाच आईसोबत गेली. आत्याला आता तरी सुटू दे, एवढंच तिला झाडापाशी मागायचं होतं. शेवंती मुळाशी वाकली.

"उंद्या सकाली न्यायला येते, माये. शेवंतीला उतार दे."

शेवंती उठून घराच्या वाटेला लागली. लेक मागे आहे हे विसरल्याने ताठ चालायचं तिला भान राहिलं नसावं. एक पाऊल साधं, दुसरं मातीत घासत.

"आई, थांब. पाय दाखव."

समीक्षाने खाली बसून साडीचा काठ वर केला. घोट्याचं हाड सुजेत बुडून गेलं होतं.

"कधीपासून?"

"इंदू गेली तवापासून."

"आणि दवाखान्यात गेली नाहीस? सुरुवातीलाच गोळ्या घेतल्या असत्या तर एवढं वाढलं नसतं गं."

"गावात कललं असतं. मना पन आतल्या खोलीत बसवलं असतं." शेवंतीने काठ खाली ओढला. "आनि तू करतेस ना अवशद. म्हनून थांबले."

बशीतला अर्क माणसाच्या पोटात जायला किती वर्षं लागतात, हे समीक्षाला पक्कं ठाऊक होतं. तिला रडू फुटलं.

"आई, औषध अजून झालेलं नाही."



"तू पेढं आनलं व्हतंस," शेवंती म्हणाली.