दुकानात न बिघडणारी गाडी

वाटूर फाट्यावर ख्वाजामियाँचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे पत्र्याचं शेड, पुढं कडुनिंब आणि त्याच्या सावलीत पोट उघडून पडलेल्या चार-पाच मोटारसायकली. ख्वाजामियाँचा हात सोन्याचा, पण जीभ वस्ताऱ्याची. गाडीच्या आधी ते गाडीवाल्याला उघडायचे. लोक तरीही यायचे. घटकाभर ऐकून घ्यावं लागतं, पण वर्षभर गाडी बघावी लागत नाही, असं म्हणायचे.

अशा माणसाला त्या दिवाळीनंतर एका साध्या, नऊ वर्षं वापरलेल्या काळ्या गाडीनं जेरीस आणलं.

गाडी आष्टीच्या अप्पारावांची. चालवायची त्यांची सून, ज्योत्स्ना. मुलगा प्रेम जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात होता, तो पंधरा दिवसांतून एकदा घरी येई. ज्योत्स्ना वाटूरला एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायची. बस कधी यायची, कधी यायची नाही, म्हणून सासऱ्यानं आपली गाडी तिच्या हवाली केली होती. तीन महिन्यांपूर्वी गाडीला एक रोग जडला. परतूर मागं पडलं की भर रस्त्यात बंद. दहा-पंधरा मिनिटं उभी केली की आपोआप चालू, जणू काही झालंच नाही.

रविवारी अप्पाराव गाडी घेऊन यायचे. ख्वाजामियाँनी पहिल्यांदा प्लग बदलला. दुसऱ्यांदा कार्बोरेटर खोलून धुतला. तिसऱ्यांदा कॉईल बदलली, वायरिंग तपासलं. दर खेपेला स्वतः परतूरपर्यंत चक्कर मारून आले. गाडी सशासारखी पळायची. आणि आठवड्याच्या आत निरोप यायचा, पुन्हा बंद पडली.

"पूरी गाडी बदल डाली तुमने," घरी अकबरबीनं टोमणा मारला, "अब सवार बदलनाच बाकी है."

ख्वाजामियाँनी भाकरी मोडली. बायकोच्या टोमण्याचं त्यांना काही नव्हतं. आपला कान गेला की काय, ही भीती होती. चाळीस वर्षं इंजिनाचा आवाज ऐकून रोग सांगणारा माणूस. आता वय झालं, आवाज तोच राहिला आणि आपल्याला ऐकू येईनासं झालं, असं तर नाही?

एका मंगळवारी सकाळी ज्योत्स्ना गॅरेजपुढं येऊन थांबली. गाडीवरून उतरलीच नाही. बाही कोपरावर फाटली होती आणि खाली कातडं सोलून निघालं होतं.

"काय झालं, बेटी?"

"उसाच्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक करत व्हते चाचा. दोन ट्रॉल्या. निम्म्यात गेले अन् बंद पडली. समोरून काळीपिवळी जीप, दाराला चार मानसं लटकलेली. ना त्यानं हळू केली, ना ट्रॅक्टरवाल्यानं. त्याची तर गाणी चालू. मंग घातली उजवीकडं खाली, चारीत."

ख्वाजामियाँनी तिच्या कोपराकडं बघितलं. मग सवयीनं जीभ पुढं झाली. "क्लच-ब्रेकची गडबड करत असशील तू. दुकानात तर ही गाडी..."

"दुकानात कशी बिघडंल?" ज्योत्स्ना उसळली. "आमच्याकडं मलेरियाचे पेशंट येतात, तसंच हाय हे. थंडी वाजून ताप चढला की तवाच रक्त द्या म्हनतो आम्ही. तर हे ताप उतरल्यावर येनार, हसत हसत. मंग रिपोर्टात काय निघनार? गाडी बी तशीच. तुमच्याकडं येते तवा तिला तापच नसतो." सासूचं सांगताना तिचा आवाज खाली आला. "आत्याबाईनं काल सांगितलं चाचा. अजून एकदा बंद पडली तर नोकरी सोडायची, घरी बसायचं. आज हे कोपर बघितलं तर अजून एकदाची बी वाट बघनार न्हाईत."

तिनं ओढणी कोपरावरून घेतली आणि गाडी वळवली. लॅबसमोर उपाशी पोटी रक्त द्यायला लोक ताटकळले होते.

ती वळली तशी ख्वाजामियाँनी हाक मारली. "थांब. ह्या रविवारी अप्पारावला गाडी घेऊन धाडू नको. उद्या सकाळी मीच आष्टीला येतो. स्टँडवर उभा राहतो. तू नेहमीसारखी निघ, मी मागं बसतो. घरी कुनाला बोलू नको, न्हाईतर अप्पाराव गाडी धुऊन-पुसून नवरी करून ठेवंल. मला ती तापातच पायजे."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसनं ख्वाजामियाँ आष्टीला उतरले. खांद्याला पाने-पक्कडीची पिशवी. ज्योत्स्ना आली तसे ते मागं बसले. चहाच्या टपरीवर कुणीतरी ओरडलं, "चाचा, हेल्मेट घाला, बाईमानूस चालवून राह्यली!" ख्वाजामियाँनी जुन्या हिशेबानं एक शिवी तयार केली आणि गिळली. आयुष्यात पहिल्यांदाच ते दुसऱ्याच्या गाडीवर, दुसऱ्याच्या हातात जीव देऊन बसले होते.

रस्ता त्यांना माहीत होता, पण मागं बसून तो वेगळा दिसत होता. एक पांढरी कार कानाला फोन लावून अर्ध्या रस्त्यावरून आली आणि तशीच गेली. शाळेच्या पोरांनी भरलेला टेम्पो हात न दाखवता वळला. वाळूचा एक हायवा ट्रक मागून असा हॉर्न देत आला, की रस्ता बापानं लिहून दिला असावा. ज्योत्स्ना प्रत्येकाला ओळखत असल्यासारखी आधीच बाजूला होत होती. आरशात बघायची, हात दाखवायची, मग वळायची. पोरीचं चालवणं चोख आहे, हे ख्वाजामियाँना परतूर यायच्या आतच कळलं. काल आपण काय बोललो तेही आठवलं.

परतूर मागं पडलं. ख्वाजामियाँ कान लावून बसले. इंजिनाचा आवाज एकसुरी चालला होता, आणि मग त्यात एक बारीकशी उचकी आली. आपल्याला ती ऐकू आली, म्हणून त्यांना क्षणभर बरंच वाटलं.

"आली, चाचा," ज्योत्स्ना म्हणाली. "आता बंद पडंल."

"डाव्या बाजूला घे. जल्दी."

दुसरी उचकी, तिसरी, आणि इंजिन गप्प झालं. गाडी नुसती घरंगळत होती. मागून दुसरा हायवा चढत आला, हॉर्नवर हात ठेवूनच. साइडपट्टीला खडी होती, तिच्यावर चाक सरकलं, आणि ख्वाजामियाँनी दोन्ही पाय जमिनीला टेकवून गाडी ओढून धरली. हायवा कोपराला वारा लावून गेला. केबिनमधून आवाज आला, "मरायला दुसरा रोड न्हाई का रे म्हाताऱ्या?"

धुरळा बसला. ख्वाजामियाँ गाडीवरून उतरले. "बंद पडते" हा शब्द त्यांनी हजारदा ऐकला होता. झाडाखाली बसून ऐकायला तो किती लहान वाटतो, असं त्यांच्या मनात आलं. ही पोर तीन महिने त्या शब्दावर बसून येत होती.

"चावी दे," ते म्हणाले. "ताप उतरायच्या आत बघू."

सगळ्यात आधी त्यांनी टाकीचं झाकण उघडलं. झाकण सैल होताच आतून "सुऽऽस" असा आवाज आला, बुडालेल्या माणसानं पाण्यावर येऊन श्वास घ्यावा तसा. झाकणाखाली दुधाच्या पिशवीचा एक तुकडा होता. स्वच्छ धुतलेला, कात्रीनं गोल कापलेला, आणि आत ओढला जाऊन वाटीसारखा खोल झालेला. ख्वाजामियाँनी तो काढला आणि किक मारली. पहिल्या किकला गाडी चालू.

"हे काय हाय?" ज्योत्स्नानं विचारलं.

"हा तुझा मलेरिया." ख्वाजामियाँनी तुकडा उन्हात धरला. "टाकीतून पेट्रोल खाली जातं, तेवढी हवा वरून आत यावी लागते. झाकणाला त्यासाठी केसाएवढं भोक असतं. हे प्लॅस्टिक लावलं की भोक बंद. थोडा येळ गाडी चालते, मंग टाकीचा दम कोंडतो अन् पेट्रोल उतरतच न्हाई. उभी केली की हळूहळू हवा शिरते, पुन्हा चालू. कुनी लावलं हे?"

"मला काय माहीत? मी झाकण उघडलंच न्हाई कधी. पेट्रोल तर रोज संध्याकाळी मामा भरून आनतात." सासऱ्याला ती मामा म्हणायची.

ख्वाजामियाँना उमजलं. रविवारी गाडी आणायचे ते अप्पाराव, आणि दुकानात टाकी उघडली तेव्हा हा तुकडा एकदाही नव्हता. म्हणजे अप्पाराव तो काढून यायचे. जाणूनबुजून!

दिवसभर त्यांनी पाने फिरवता फिरवता अप्पारावांसाठी वाक्यं जुळवली. एकेक अशी होती, की ऐकून कडुनिंबाची पानं गळावीत. संध्याकाळी ज्योत्स्नाची सुट्टी झाली, तसे ते तिच्या मागं बसून पुन्हा आष्टीला निघाले. पिशवीत एक नवं झाकण टाकायला विसरले नाहीत. गाडी वाटेत एकदाही उचकली नाही.

अंगणात बाज टाकलेली होती. अप्पारावांच्या बायकोनं, गिरिजाबाईनं, पाणी आणलं आणि काल ओढणीखाली झाकलेलं सुनेचं कोपर आता बघून ओठ घट्ट मिटले. अप्पाराव घरातून बाहेर आले, ख्वाजामियाँच्या हातातला गोल तुकडा त्यांना दिसला, आणि ते उंबऱ्यातच उभे राहिले.

"तुमचीच कलाकारी ना ही, अप्पाराव?"

"हौ."

"मंग माझ्याकडं येताना काढत का व्हते?"

अप्पाराव जमिनीकडं बघत म्हणाले, "तुम्ही हसताल म्हनून."

"म्हनजे?"

"पावसाळ्यात टाकीत पानी गेल्तं, ख्वाजाभाई. तुमच्याकडं आनली व्हती. सात-आठ गिऱ्हाईक बसलते. तुम्ही म्हनले, अप्पाराव, ही टाकी हाय का म्हशीचा हौद? समदे हसले. मी बी हसलो." त्यांनी तुकड्याकडं बघितलं. "दुसऱ्या दिवशीपासून पिशवी लावली. पोरीच्या गाडीत थेंब जाऊ नये. अन् तुमच्याकडं येताना फाट्याच्या अलीकडं थांबून काढायचो, खिशात टाकायचो. म्हनलं, हे बघून अजून काय म्हनताल."

ख्वाजामियाँना ते वाक्य आठवतही नव्हतं. असली वाक्यं ते दिवसाला दहा बोलायचे.

गिरिजाबाई नवऱ्याकडं वळली. "म्हनजे तीन म्हैने माझी सून मरता मरता वाचत व्हती, ती तुमच्या ह्या पिशवीपायी?"

अप्पारावांचा चेहरा पांढरा पडला. सुनेच्या कोपराकडं त्यांना बघवेना.

दिवसभर जुळवलेली वाक्यं ख्वाजामियाँच्या तोंडात तयार होती. त्यांतलं एकही उपयोगाचं उरलं नव्हतं. ते उठले आणि पिशवीतून नवं झाकण काढलं.

"पिशवीपायी न्हाई, भाभी. जुन्या झाकणाचा रबर झिजलाय, तिथून पानी गेल्तं. तवाच मी तो बदलायला पायजे व्हता. मी पानी काढलं, मानसाला हसलो, अन् रबर तसाच ठेवून गाडी दिली. काम माझं राह्यलं, ते बिचाऱ्यानं पिशवीनं केलं." त्यांनी झाकण बसवलं, दाबून बघितलं. "अप्पाराव, माफ करा. आता कितीबी पाऊस येऊ द्या."

अप्पारावांनी पुढं होऊन झाकण स्वतः एकदा दाबून बघितलं.

"अन् नोकरीचं?" ज्योत्स्ना मध्येच म्हणाली. कुणी विषय काढायच्या आत तो काढलेला बरा, असं तिला वाटलं असावं.

ख्वाजामियाँ गिरिजाबाईला म्हणाले, "आज मी दोन येळा हिच्या मागं बसलो. रोडवर शंभरातले नव्वद आंधळे हायत, ते मी बदलू शकत न्हाई. ही मात्र बराबर बघून चालवते. गाडी आता मधे दगा देनार न्हाई, हे माझ्यावर."

गिरिजाबाईनं गाडीकडं बघितलं. "तुमच्यासारखा मानूस," ती म्हणाली, "दोन येळा दुसऱ्याच्या मागं गप बसून आला, म्हनजे चालवत असंल बराबर. जाऊ द्या. पन ट्रॅक्टरला ओव्हरटेक करायचं न्हाई. लोकाचे रिपोर्ट अर्ध्या तासानं निघाले तर कुनी मरत न्हाई."

"न्हाई करत, आत्याबाई. अन् आजपासून पेट्रोल मीच भरनार."

"मंग मी काय करू?" अप्पाराव घाबरून म्हणाले, आणि गिरिजाबाईला पहिल्यांदा हसू फुटलं.

पुढचा आठवडाभर ख्वाजामियाँ रोज ज्योत्स्नाच्या जाण्याच्या वेळेला हातातलं काम सोडून रस्त्याकडं बघत बसायचे. रोज काळी गाडी न थांबता पुढं जायची, आणि ज्योत्स्ना एकदा हॉर्न वाजवायची.

त्याच आठवड्यात शेजारच्या गावचा रामकिसन धापा टाकत गाडी ढकलत आला. झाडाखाली पाच-सहा जण बसलेलेच होते. आता करमणूक होणार, म्हणून ते सरसावून बसले.

"काय झालं?" ख्वाजामियाँनी विचारलं.

"काय की. चालूच होईना."

"घरी काही केलं का?"

"छ्या, काहीच न्हाई."

ख्वाजामियाँनी त्याच्या तोंडाकडं नीट बघितलं. मग स्टूल उचललं, शेडच्या मागच्या बाजूला नेऊन ठेवलं, आणि त्याला खुणेनं बोलावलं. "बस. हितं कुनी ऐकत न्हाई. काय केलं ते सांग, बिलकुल हसनार न्हाई."

रामकिसननं पुढं-मागं बघितलं. "एअर फिल्टर लई मळला व्हता. बायको कपडे धूत व्हती. म्हनलं, साबनाचं पानी हायच."

"बरं."

"मंग तिच्याकडूनच धोपटून घेतला. अन् वाळायच्या आत बसवला."

ख्वाजामियाँनी भिंतीकडं तोंड केलं. त्यांचे खांदे गदगद हलत होते, आणि ते थांबायला चांगला वेळ लागला.

"शाबास," ते वळून म्हणाले. "बराबर जागी आलास. आता फिल्टर काढ, अन् पुढं कुनाला सांगू नको."