बाई कशा उभ्या राहतात

“बाई, हे तुम्ही घातलेलेच नाहीत.”

सोलवाल्यांनी बुटांतले दोन्ही सोल बाहेर काढले, खिडकीशी नेऊन उजेडात तिरपे धरले आणि चष्म्यावरून बाईंकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता. पण पहिलीच्या वर्गाला तीस वर्षं शिकवणाऱ्या बाईंच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. ‘गृहपाठ केलाय, वही घरी राहिली’ हे त्यांनी आजवर शेकडो तोंडांतून ऐकलं होतं. बोलणाऱ्याची नजर आधी कुठे जाते, हेही त्यांना पाठ होतं. त्यांची नजर आता नेमकी तिथेच, फरशीवर गेली.

“घातले की,” त्या म्हणाल्या. “छान आहेत.”

सोलवाल्यांनी वाद घातला नाही. फळीवरून दुसऱ्या कुणाचे तरी वापरलेले सोल काढून त्यांनी शेजारी ठेवले. टाचेशी खळगा, अंगठ्याखाली काळपट चकाकी, मधल्या बोटांच्या मुळाशी दाबलेले ठसे. महिनाभर चालणं झालं की पाय स्वतःच सही करून जातो, असं ते म्हणाले. बाईंचे सोल मात्र दुकानातून नुकत्याच आणलेल्या वहीसारखे कोरे होते.

दवाखान्याच्या तळमजल्यावरची सोलवाल्यांची ती खोली रबराच्या भुश्शाने आणि चिकटवायच्या सोल्युशनच्या वासाने भरलेली असे. बाईंना तिथे डॉक्टरांनी पाठवलं होतं. हा म्हातारपणाचा संधिवात नव्हे, शरीर आपल्याच सांध्यांवर उठतं तो संधिवात, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. गोळ्यांनी सूज उतरली, पण तळव्यांचं दुखणं हटेना. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकले की बोटांच्या मुळाशी कुणी खडे पसरून ठेवलेत असं वाटे. म्हणून मऊ सोल, आणि सोल मावावेत म्हणून पुरुषांच्या दुकानातले रुंद, काळे बूट. ते पाहून नणंद म्हणाली होती, “वहिनी, बूट पोस्टमनचे घातलेच आहेत तर वाटेत चार टपालंही टाकत जा.”

बाईंचे यजमान गेल्यापासून या दोघींचंच घर होतं. नणंदेच्या जिभेला धार होती, पण रोज संध्याकाळी गरम पाण्याचं घमेलं बाईंच्या पायांशी आणून ठेवणारीही तीच होती. दोन दिवसांत बाईंनी सोल काढून कपाटात ठेवले, तेव्हा तिने एकदाच विचारलं, “दुखणं पायाला आणि औषध कपाटाला, असं आहे का?” एवढ्या मायेने कुणी करून दिलेली वस्तू टोचते म्हणून परत न्यायची, हे त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं.

पण आता भीड धरून भागणार नव्हतं. मोठ्या बाईंनी, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिकांनी, दोनच दिवसांपूर्वी त्यांना खोलीत बोलावलं होतं. पहिलीचा वर्ग पायांवर चालतो, असं त्या फार मऊ आवाजात म्हणाल्या होत्या. बाई गेले तीन महिने खुर्चीत बसून शिकवतायत, मागच्या रांगेतली पोरं काय गिरवतात ते त्यांना दिसत नाही, हे खोटं नव्हतं. महिनाअखेरीपर्यंत जमलं नाही, तर निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं दप्तराच्या खोलीत, कागदपत्रं लावत.

बाईंना कागदपत्रांचा राग नव्हता. पण अक्षर पहिल्यांदा वळतं तेव्हा मुलाच्या मुठीवर आपला हात हवा, आणि हात पोचायचा तर आधी पाय पोचायला हवेत.

हे सगळं त्यांनी सोलवाल्यांना कसंबसं सांगितलं, आणि शेवटी म्हणाल्या, “टोचतात हो. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.”

“मला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही महिनाभर लंगडलात?” सोलवाल्यांनी स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. “बरं. मी ठसा घेतला तेव्हा कशा उभ्या होतात, तशा उभ्या राहा बघू.”

बाई उभ्या राहिल्या. टाचा जुळलेल्या, पाठ ताठ, हनुवटी वर, दोन्ही पायांवर सारखा भार. दर वर्षी नव्या पोरांना पहिल्या दिवशी त्या असंच उभं राहायला शिकवत.

सोलवाले हसले नाहीत, पण त्यांच्या मिशा हलल्या. “आणि वर्गात?”

त्यांनी खडू दिला आणि भिंत दाखवली. बाईंनी अक्षर काढायला हात उचलला, तशी उजवी टाच आपोआप उचलली गेली, डावा पाय बाहेरच्या कडेवर कलला, बोटं वर मुडपली. चार ओळी लिहीपर्यंत त्यांनी पाच वेळा पाय बदलला.

“म्हणजे परीक्षेला तुम्ही एक पाय पाठवलात,” सोलवाले म्हणाले, “आणि वर्गात दुसराच पाठवता. माझी पण चूक. पाय बघितला, माणूस बघितला नाही.”

मग त्यांनी खणातून लिपस्टिक काढली. मुलीची जुनी आहे, असं ओशाळून सांगितलं. तळव्यावर जिथे जिथे दुखतं तिथे त्यांनी लाल टिपके दिले आणि बाईंना कोऱ्या सोलवर पुन्हा भिंतीपाशी लिहायला लावलं. टिपके सोलवर उमटले. फुगीर गादी त्यांनी टिपक्यांच्या जरा मागे बसवली. दुखतं तिथेच गादी घातली तर दुखणं आणखी दाबलं जातं, मागून उचलून धरलं की पुढचा भार हलका होतो, हे त्यांनी इतक्या सावकाश समजावलं, की हा माणूस आपल्या शाळेत असता तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटून गेलं. बाई निघताना सोलवाल्यांनी बजावलं, “पुढच्या वेळी ‘छान आहे’ म्हणायचं नाही. कुठे टोचतं ते सांगायचं.”

सोमवारी बाई वर्गात खुर्चीत बसल्या नाहीत. दोन रांगांमधून चालत त्या थेट मागच्या भिंतीपर्यंत गेल्या. तिथली एक मुलगी तीन महिने अक्षर खालून वर काढत होती. बाईंनी वाकून तिच्या मुठीवर हात ठेवला. बाईंची बोटं संधिवाताने वाकडी झाली होती, पण अक्षराचं वळण अजून हातात होतं.

मधल्या सुट्टीपर्यंत सगळं निभावलं. त्यानंतर खडे परत आले, पहिल्याइतके नाहीत, पण आले. मंगळवारी तेच. बुधवारी तेच. सोलवाल्यांनी दोनदा घासून दुरुस्त करून दिले आणि मग स्पष्टच सांगितलं, सोल भार वाटून देतो, दिवस लहान करत नाही.

महिनाअखेरीला मोठ्या बाईंनी विचारलं, तेव्हा ‘छान आहे’ हे शब्द बाईंच्या ओठांपर्यंत आले होते.

“सुट्टीपर्यंत माझे पाय माझे आहेत,” त्या म्हणाल्या. “त्यापुढे नाहीत. लिहायचे तास सकाळी ठेवा, ते मी घेते. सुट्टीनंतरचा वर्ग यंदा आलेल्या नव्या बाईंना द्या. मी दप्तराच्या खोलीत बसेन.”

मोठ्या बाईंनी वेळापत्रक पुढे ओढलं. मग त्यांनी पेन्सिलीने मधोमध एक रेघ मारली.

घरी हे कळल्यावर नणंद घमेलं घेऊन आली. घमेल्यात पाणी ओतताना एवढंच म्हणाली, “अर्ध्या वर्गासाठी एवढे बूट.” आणि पाणी फार कढत तर नाही ना, हे आपल्या कोपराने बघितलं.

आता दुपारी बाई दप्तराच्या खोलीत जुने दाखले वर्षवार लावतात. भिंतीपलीकडे त्यांचा वर्ग असतो. नव्या बाई कविता जरा घाईने घेतात, दुसऱ्या ओळीशी पोरांचा श्वास पुरत नाही आणि सूर फाटतो. बाई उठून जात नाहीत. दाखल्यांवरची नजर न काढता, टेबलाखाली, रुंद काळ्या बुटातल्या बुटात त्या हलकेच अंगठ्याने ठेका धरतात, त्यांच्या नेहमीच्या, सावकाश चालीत.