पित्ताचा आशय

देवाने माणसाला जीभ एकच दिली आणि कामं लावली दोन: चव घ्यायची आणि बोलायचं. एक काम बंद पडलं की दुसरं दुपटीने चालतं, हे सायबाईंच्या सुनेला चार महिन्यांत पुरतं कळून चुकलं होतं.

सायबाई म्हणजे तिच्या सासूबाई. तीस वर्षं दूध केंद्राच्या खिडकीत माप घेऊन बसलेल्या. भांड्यात पडणारी दुधाची धार नुसती बघून त्यात पाणी किती ते सांगायच्या, आणि वर्षानुवर्षं घरी न्यायला मिळालेल्या सायीवर त्यांनी दोन पोरं वाढवली. गिऱ्हाइकांनी थट्टेत नाव पाडलं सायबाई, ते अंगाला असं चिकटलं की पोस्टमनही त्याच नावाने हाक मारी. अशा बाईला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "साय बंद. लोणी, तूप, तळलेलं, सगळं बंद."

उजव्या बरगडीखाली कळ उठून ती पाठीत, खांद्याच्या पात्यापर्यंत गेली होती, म्हणून सुनेने त्यांना दवाखान्यात नेलं होतं. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. शस्त्रक्रियेशिवाय इलाज नाही, पण साखर वाढलेली आणि छातीचे ठोके मधूनच चुकणारे. "आधी हे दोन्ही ताळ्यावर आणू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पथ्याने खडे विरघळणार नाहीत, पण कळ उठणार नाही. पोटात स्निग्ध पदार्थ गेला की ती पिशवी आवळते, आणि आवळताना एखादा खडा नळीत सरकला तर जिवाशी गाठ. सांभाळाल ना?"

हे त्यांनी सुनेला विचारलं होतं, मुलाला नाही. मुलगा वीज मंडळात मीटर वाचायचा आणि बायको बोलत असली की घरातली सगळी माणसं तिच्यावर सोपवून मोकळा व्हायचा.

सुनेने सांभाळलं. शिवणकारखान्यात ती शर्टांना कॉलर लावायची. दिवसाला दीडशे कॉलर, आणि एकही वाकडी गेलेली खपत नसे. तोच हात तिने स्वयंपाकात लावला. पहाटे उठून भाताची पेज, उकडलेला भोपळा, गाजर. दूध तापवायचं, गार करायचं, साय काढायची, पुन्हा तापवायचं, पुन्हा काढायची. एकदम पोटभर नाही, थोडं थोडं पाच वेळा. दुपारचं झाकून ठेवायचं आणि जेवणाच्या सुट्टीत फोन करून विचारायचं, खाल्लंत का. सासूबाईंना एकटं वाटू नये म्हणून ती स्वतःही तेच खाई. चार महिन्यांत तिचे ब्लाउज सैल झाले. ते कुणाच्या डोळ्यांत भरलं नाही.

डोळ्यांत भरल्या त्या सायबाई. "काय सांगू बाई," दारात आलेल्या प्रत्येकीला त्या सांगत, "जन्मभर गावाला दूध मोजून दिलं, आता सून मला पाणी मोजून देते." शेजारीण हसे. मग भोपळ्याच्या फोडीकडे बोट दाखवून सायबाई म्हणत, "हा बघ. याच्यात आणि माझ्यात आधी कोण मऊ होतं, एवढंच बघायचं राहिलंय."

सून आतून ऐके. कधी पित्त खवळे, कधी डोळ्यांत पाणी येई. पण त्या चार महिन्यांत कळ एकदाही उठली नाही. साखर उतरली. ठोके सुधारले. शस्त्रक्रियेची तारीख मिळाली, आणि ती बारा दिवसांवर आली असताना सायबाईंना सत्तर वर्षं पूर्ण झाली.

त्या रविवारी लेक आली, जावई आले, आणि सायबाईंची धाकटी बहीण आली. या मावशी शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेल्या. शाळा सुटली तरी शिकवणं सुटलं नव्हतं. लेकीने दोन डबे आणले होते. एकात रवाळ तूप, दुसऱ्यात साखर घातलेली जाड साय.

"वहिनी, आज तरी आईला माणसासारखं जेवू दे."

"बारा दिवस राहिलेत हो," सून म्हणाली. "मग मी स्वतः वाढीन."

"अगं, पित्ताला तूपच औषध!" मावशी म्हणाल्या. "शेंबडं पोरसुद्धा सांगेल. जळजळ झाली की गार दूध प्यायचं, साय खायची. आमच्या आईने आयुष्यभर तेच केलं."

"मावशी, ते पित्त वेगळं. हे पित्त झालेलं नाही, पित्ताशयात खडे झालेत. पित्ताशय."

मावशींनी चष्मा वर सरकवला. "पित्त म्हण नाहीतर पित्ताशय म्हण, आशय एकच ना?"

घर हसलं. जावयांनी तर गुडघ्यावर थाप मारली. नवराही हसला, बायकोकडे न बघता.

"हसू नका रे," सायबाई म्हणाल्या. "माझी सून शिकलेली आहे. तिची परवानगी असल्याशिवाय या घरात झुरळसुद्धा काही खात नाही."

पुन्हा हशा. लेकीने मात्र पदर डोळ्यांना लावला. "दादा, आई किती वाळली रे. तुला दिसत नाही? परक्याच्या पोरीला काय त्याचं! स्वतःची आई असती तर ठेवली असती का अशी पेजेवर?"

नवऱ्याने मान खाली घातली. "अगं, एक दिवसाने काय होतंय," तो पुटपुटला. कोणाला म्हणाला, देव जाणे.

सून स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर पेजेचं पातेलं होतं, शेजारी नणंदेचे दोन डबे. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. आज ते घशाशी आलं. चार महिन्यांची प्रत्येक पहाट तिला आठवली, आणि त्यातली एकही बाहेर बसलेल्या माणसांच्या हिशेबी नव्हती. काय होईल हे तिला माहीत होतं. घरात कुणापेक्षाही जास्त तिलाच माहीत होतं. एका क्षणी तिला वाटलं, उठू दे कळ. एकदा बघू दे सगळ्यांना, मी काय अडवून धरलं होतं ते.

तिने ताटात भात वाढला आणि वर तूप सोडलं. एक चमचा नाही, तीन. वाटी काठोकाठ सायीने भरली आणि ताट नेऊन सासूबाईंपुढे ठेवलं.

"वा!" मावशी म्हणाल्या. "आज सून सुनेसारखी वागली."

"वहिनी, गुणाची गं माझी," म्हणत नणंदेने तिच्या पाठीवरून हात फिरवला. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, हे पहिल्यांदाच.

सायबाईंनी ताटाकडे बघितलं, मग सुनेच्या तोंडाकडे. त्यांची बडबड थांबली होती.

"चालेल का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"चालेल."

मग त्या जेवल्या. निवांत, डोळे मिटून, बोटं चाटून. वाटीत सायीचा कण ठेवला नाही.

कळ दुपारी तीनला उठली. आधी त्या पाय पोटाशी घेऊन कुशीवर वळल्या, मग भिंतीला धरून उठू लागल्या, मग उलटी झाली आणि कपाळावर घाम डवरला. गाडी येईपर्यंत त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. इस्पितळात तपासणी झाली. खडा सरकून नळीत अडकला होता, स्वादुपिंडाला सूज आली होती. डॉक्टरीणबाई रविवारच्या साध्या साडीत धावत आल्या, आणि तातडीचे उपचार आटोपून खाटेशी उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य होतं.

"चार महिने इतकं छान चाललं होतं. आज काय खाल्लं?"

जावई खिडकीबाहेर बघू लागले. मग मावशी म्हणाल्या, "इतके महिने पोटाला उपाशी ठेवलं ना, आतडी सुकली असतील."

नवरा म्हणाला, "हिने तर सगळं पाळलं हो, डॉक्टर."

हे तो खऱ्या मनाने म्हणाला, आणि तेच सुनेला सोसलं नाही.

"तूप दिलं," ती म्हणाली. "तीन चमचे. वाटीभर साय. मी वाढलं."

डॉक्टरीणबाईंचं लिहिणं थांबलं. "तुम्ही? तुम्हाला मी समजावून सांगितलं होतं."

"हो. मला माहीत होतं."

मावशी एकदम तिच्याकडे वळल्या. "अगं बाई! आम्ही आपलं गमतीने बोलत होतो. आम्हाला काय कळतंय त्यातलं? तुला कळायला नको?" नणंद तर तोंडाला पदर लावून हुंदके देऊ लागली. "बघितलंस, दादा? जाणूनबुजून!" नवऱ्याने बायकोकडे बघितलं, दिवसभरात पहिल्यांदाच.

ते सगळे जे म्हणत होते ते खरं होतं.

संध्याकाळी सगळे चहाला खाली गेले, तेव्हा सायबाईंनी डोळे उघडले. नाकात नळी, हातात सलाइन. "तोंडाने काहीही द्यायचं नाही," नर्सने बजावलं होतं, "फार तर ओला कापूस ओठांना लावा." सून कापूस घेऊन बसली होती.

"त्यांचं ऐकलंस," सायबाई म्हणाल्या. आवाज सुकलेल्या पानासारखा.

"आई, बोलू नका."

"चार महिने मी एवढी बोलले. शिव्या घातल्या. ऐकलं नाहीस माझं." त्या थांबल्या, श्वास गोळा केला. "बरं वाटायचं मला. मनाशी म्हणायचे, पोरगी खमकी आहे. ही मला मरू द्यायची नाही. म्हणून तर बोलायचे एवढं... बिनधास्त."

सुनेच्या हातातला कापूस ठिबकत होता.

"चालेल का म्हणून विचारलं मी तुला. त्यांना नाही विचारलं."

"चुकले, आई," सून म्हणाली. शब्द तिच्याच कानांना पोकळ लागला. पुढे होऊन तिने कापूस त्यांच्या ओठांपाशी नेला. ओठ कोरडे पडले होते, कडेने चिरले होते.

सायबाईंनी तोंड मिटून घेतलं. मग मान जरा वळवून पलीकडच्या खाटेशी उभ्या असलेल्या नर्सला हाक मारली.

"नर्सबाई, जरा इकडे येता? तुम्ही लावा."