सान्वीचा दृष्टांत

या मंडळी, थोडं पुढे सरकून बसा. नौपाड्यातल्या एका घरची गोष्ट आहे, मोठ्याने सांगण्यासारखी नाही.

रसिकाने लॅपटॉप महेंद्र सरांकडे वळवला आणि आपल्या नव्या तपासणीचे आकडे दाखवले. सर तिचे पीएचडीचे मार्गदर्शक. कणांच्या टकरींच्या आलेखात एक उंचवटा त्यांनीच हेरला होता आणि हा नवा कण, असं जगाला सांगितलं होतं.

"उंचवट्यापाशी लहरीची फेज फिरतेय?" सरांनी विचारलं.

"नाही, सर. खरा कण असता तर वर्तुळात फिरली असती. आधीच माहीत असलेले दोन कण जेमतेम तयार होतील एवढी ऊर्जा नेमकी तिथे पुरी होते. आलेख त्यानेच उसळतो."

सरांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा आकडे पाहिले.

"बरोबर आहे. छापायला पाठव." मग आवाज उतरला. "फक्त माधवीला आज नको. संध्याकाळी तिचं कीर्तन आहे. घरी आम्ही त्या कणाला सान्वी म्हणतो गं."

सान्वी त्यांची एकुलती लेक. आठव्या वर्षी तापाने गेली.

"मला अंधारात ठेवून कीर्तनाला उभं करणार होतात होय?" सरांच्या पत्नी माधवीताई दारातच होत्या, झांजेची दोरी बोटाला गुंडाळत. "रसिका, ह्यांना भास झाला का?"

"नाही काकू. उंचवटा खराच आहे. पण तिथे कोणी नाही."

"तुमचे कण निमिषभरच जगतात ना? तेवढं तरी?"

"तेवढंही नाही, काकू."

माधवीताईंनी दोरी सोडली, पुन्हा गुंडाळली. "चहा घेऊन जा," म्हणाल्या आणि आत गेल्या.

देवळात दरवेळी त्या एक दृष्टांत द्यायच्या: देवाने माझ्या लेकीला विश्वाच्या मुळाशी जागा दिली. लोक डोळे पुसायचे. त्या संध्याकाळी कीर्तनात दृष्टांताची वेळ आली तशी मागच्या रांगेत रसिकाने मान खाली घातली. पेटीवाल्या हितेशने सूर धरून ठेवला.

"तो दृष्टांत मी मागे घेते," माधवीताई म्हणाल्या. "लेक तिथे नव्हती." त्यांनी झांज खाली ठेवली. "ती डावखुरी होती. वरणभातावर लिंबू स्वतःच पिळायची."

"आणि बिया माझ्या ताटात टाकायची," खालून सर म्हणाले.

इतक्या वर्षांत त्या घराबाहेर हे कोणी ऐकलं नव्हतं.

तर मंडळी, कणाचं नाव राहू दे. उद्या ताटावर बसाल तेव्हा त्या डावखुऱ्या पोरीची तेवढी आठवण काढा.