ठिपक्याची पिल्ले

मोहनाने माशांच्या टाकीवरचा दिवा बंद केला, टॉर्च काचेला टेकवली आणि ऋचाच्या हातात भिंग दिले.

"आता सांग. पट्टे की ठिपका?"

ऋचाने काचेला नाक लावले. "जो ने मावशी, बघ ना, ठिपका! आणि हे पण ठिपक्याचं. आणि हे... हे पट्ट्यांचं."

गेला महिनाभर मोहनाचा नवरा विहंग येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटला होता की, आमच्या झेब्र्यांना पिल्ले झाली. झेब्रा म्हणजे अंगावर काळे पट्टे असलेला, सिक्लिडच्या कुळातला एक बोटभर लांबीचा आणि कमालीचा भांडकुदळ मासा. पिल्ले दिसली तेव्हा सगळी एकसारखी, राखेच्या रंगाची होती. टाकीत इतरही जातींचे मासे होते. पण पिल्लांवर पहारा झेब्र्यांच्या जोडीचा, तेव्हा पिल्ले त्यांचीच, असा सरळ हिशेब. विहंग इंजिनियर असल्यामुळे त्याला तो पुरला. मोहना शाळेत जीवशास्त्र शिकवायची, तिला तो पुरेना. आणि गेल्या आठवड्यात काही पिल्लांच्या अंगावर फिकट पट्टे उमटू लागले, तर काहींच्या कुशीवर नुसता एक ठिपका. ठिपका फायरमाऊथचा. लाल गळ्याच्या फायरमाऊथची एक जोडी मागच्या कोपऱ्यात फुटक्या कुंडीआड राहत असे. त्यांची पिल्ले कधीतरी झेब्र्यांच्या घोळक्यात मिसळली होती आणि झेब्र्यांनी ती ठेवून घेतली होती.

"म्हणजे दुसऱ्यांची पिल्लं पण हेच सांभाळतात?" ऋचाने विचारले.

मोहना काही बोलणार तोच दारावरची घंटा वाजली.

विजयमालाबाई आल्या होत्या. जुन्या शहरातल्या मांडवीहून पार टोकाच्या समापर्यंत भर मे महिन्यात रिक्षाने येऊनही त्यांच्या पातळाची घडी मोडली नव्हती. हातात लीलो चिवडोचा, म्हणजे हिरव्या चिवड्याचा पुडा. ऋचा त्यांच्या लेकीची लेक. लेक वैष्णवी काविळीने गेली तेव्हा ऋचा तीन वर्षांची होती. विहंगने मोहनाशी लग्न केले त्यालाही आता दोन वर्षे होत आली.

"झाली का हिची तयारी?" त्यांनी विचारले.

"झालीय. बसा ना आजी, पाणी आणते."

"तू नको उठबस करूस. मी घेते."

मोहनाला सातवा सरला होता. पहिले बाळंतपण माहेरी, त्यामुळे परवा इंदूरहून तिचा भाऊ न्यायला येणार होता. आई नव्हती, पण वहिनी हौशी होती. त्या काळात विहंगला कारखान्याच्या पाळ्या, म्हणून ऋचाने आजोळी राहायचे असे ठरले होते. म्हणायला तीनचार महिने. पण विजयमालाबाईंनी मांडवीजवळच्या शाळेत ऋचाच्या प्रवेशाचे बोलून ठेवले होते, हे विहंगला कळले होते आणि त्याने ते मोहनाला सांगितले होते. सांगून झाल्यावर तो म्हणाला होता, "बघू." विहंग अवघड जागी नेहमी 'बघू' म्हणायचा आणि मग बघायचा नाही.

मोहनाला विजयमालाबाईंचा राग आला असता तर सगळे सोपे झाले असते. पण त्यांना जी भीती वाटत होती, तीच तिलाही वाटत होती. स्वतःचे मूल कुशीत आल्यावर ही मुलगी आपल्याला आज वाटते तितकीच आपली वाटेल का? ती स्वतःला विचारून बघायची आणि उत्तराच्या आधीच कामाला लागायची. एवढे मात्र तिला पक्के ठाऊक होते की, ऋचा गेली तर ती परत येणार नाही, आणि तिच्याशिवाय हे घर तिला नको होते.

"आजी, चाल ने, तुला गंमत दाखवते!" ऋचाने आजीला ओढत टाकीपाशी नेले. भिंग दिले, टॉर्च धरली, पट्टे दाखवले, ठिपके दाखवले. "हे बघ, ही पिल्लं यांची नाहीतच! तरी हे सांभाळतात. कोणी जवळ आलं की कसे धावून जातात बघ."

विजयमालाबाई आधी नातीच्या हट्टाखातर वाकल्या. मग त्यांनी खुर्ची ओढून घेतली. झेब्र्याची मादी, पोटाशी केशरी झाक असलेली, पिल्लांच्या घोळक्याभोवती घिरट्या घालत होती. टायगर बार्ब जातीचा एक मासा रेंगाळत जवळ आला तसा नर त्याच्यावर तुटून पडला.

"अगं बाई," विजयमालाबाई म्हणाल्या.

बराच वेळ त्या बघत राहिल्या. चष्मा काढून त्यांनी पदराने पुसला. पुसण्यासारखे त्यावर काही नव्हते.

"मुक्या जिवाला जे कळतं..." त्यांनी वाक्य सोडून दिले. मग मोहनाकडे न बघता म्हणाल्या, "मी त्या शाळेत नाही म्हणून कळवते. तुझं सगळं पार पडलं की घेऊन ये हिला परत. तुझं घर आहे, तिचं घर आहे."

मोहनाच्या छातीवरचे ओझे एकदम उतरले. इतके दिवस ज्याची मनात जुळवाजुळव चालली होती, ते एका माशाने दोन मिनिटांत करून टाकले होते. तिला त्या झेब्र्याच्या पाया पडावेसे वाटले.

"पण आजी," ऋचा काचेला चिकटूनच म्हणाली, "ठिपक्याची पिल्लं नेहमी बाहेरच असतात. मी रोज बघते. पट्ट्यांची मध्ये आणि ही कडेला." ती वळली. "असं का गं मावशी?"

त्याच वेळी दुसऱ्या बाजूने बार्ब आला. नर पोहोचेपर्यंत कडेचे एक पिल्लू नाहीसे झाले होते.

मोहनाला उत्तर माहीत होते. एम.एस्सी.ला असताना तिने ते वाचले होते. 'ती जरा दांडगट असतात, हुंदडत बाहेर जातात' असे सांगता आले असते. ऋचाचे समाधान झाले असते, विजयमालाबाईंचेही. दोघीही तिच्याकडे बघत होत्या. ऋचाच्या डोळ्यांत नुसते कुतूहल होते, आणि मोहनाला तिच्याशीच खोटे बोलवेना.

"मोठे मासेच त्यांना कडेला ठेवतात," ती म्हणाली. "शत्रू आला की आधी कडेचं पिल्लू सापडतं. मधली वाचतात. म्हणून तर परकी पिल्लं घोळक्यात चालतात त्यांना."

"एटले... म्हणजे मुद्दाम?"

"मुद्दाम म्हणजे, त्यांना काही कळत नाही गं. पण होतं तसंच."

ऋचा पुन्हा टाकीकडे वळली. विजयमालाबाई खुर्चीतून उठल्या. चिवड्याचा पुडा टेबलाच्या कडेला होता, तो त्यांनी आत सरकवला. त्यांचा चेहरा पुन्हा आल्या वेळेसारखा परका झाला होता.

"ऋचा," त्या म्हणाल्या, "जा बाळा, पाण्याची बाटली भरून घे. निघायचं आपल्याला."

ऋचा आत गेली. स्वयंपाकघरात माठावरचे झाकण वाजले.

"हे मला कशाला सांगितलंस?" विजयमालाबाईंनी हळू आवाजात विचारले. "मी हो म्हटलं होतं."

"तिनं विचारलं म्हणून."

"मग आता माझ्या जिवाला काय वाटत असेल?"

"तेच मलाही वाटतं," मोहना म्हणाली. "आजी, मी इंदूरला जात नाही. भावाला फोन करून सांगते. तुम्ही इथं या. माझं बाळंतपण तुम्ही करा."

विजयमालाबाई बघतच राहिल्या. "मी?"

"लग्नात वैष्णवीताईंच्या नावाचा टाक माझ्या गळ्यात तुम्हीच घातलात ना?"

घातला होता. दुसरेपणावर आलेल्या बायकोच्या गळ्यात पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक घालायची रीत आहे, आणि तिला तो घालणाऱ्या घराची लेक मानतात. विजयमालाबाईंनी दोन वर्षांपूर्वी ते रीत म्हणून उरकले होते आणि त्या घरी जाऊन दार लावून रडल्या होत्या.

"लोक काय म्हणतील? सख्खी वहिनी असताना..."

"म्हणू देत." मोहना थांबली. पुढचे वाक्य तिने कधी मनातही धड पुरे केले नव्हते. "मला माझी खात्री नाही, आजी. मला ती हवी आहे, पण उद्या माझं मन कसं वागेल ते मला सांगता येत नाही. तुम्ही समोर असलात तर तुमच्या लक्षात येईल. माझ्या हातून ती कडेला पडायला लागली तर तुम्ही मला बोलाल. दुसरं कोणी नाही बोलणार. हे तर 'बघू' म्हणतील."

विजयमालाबाईंना हसू येणार होते, ते त्यांनी आवरले. मग त्या पुन्हा खुर्चीत बसल्या आणि त्यांनी घर पहिल्यांदाच बघत असल्यासारखी नजर फिरवली.

"कोळशाची शेगडी आहे का?"

"नाही."

"आमची आणीन. शेक गॅसवर होत नाही. बाळंतशोपा, डिंक, अळीव मांडवीत चांगला मिळतो, तुमच्या समात कोणी सारा माल ठेवत नाही. आणि ऋचाच्या आजोबांनाही आणावं लागेल. फत्तेसिंहरावांना चहा करता येत नाही, एकटे राहिले तर शेजाऱ्यांचं डोकं खातील."

"आणा ना."

"मी कडक आहे, आधीच सांगते. वैष्णवीच्या वेळी तिला सव्वा महिना पंख्याखाली बसू दिलं नव्हतं. रडायची. तुझेही लाड होणार नाहीत."

मोहना उठली, भिंतीपाशी गेली आणि तिने पंख्याचे बटण बंद केले. पाती मंदावत मंदावत थांबली. विजयमालाबाईंनी वर बघितले, मग तिच्याकडे, आणि मग त्यांना खरेच हसू आले.

"आत्ता नव्हे गं, वेडे," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "लाव तो. उकडून मरायचं का आपण दोघींनी?"