वाढपी माणिकराव

बायको, यशोधराबाई, गेल्यापासून माणिकरावांच्या घरात स्वयंपाक व्हायचा, जेवण होत नव्हतं. कुकरमधला भात ताटात उपसायचा, टीव्हीसमोर संपवायचा आणि तिथंच आडवं व्हायचं. एकुलता एक मुलगा जीवन पुण्याला. एसटीतून निवृत्त झाल्यावर पोट सुटलं ते सुटलंच.

खरं जेवण व्हायचं ते पंगतीत. चौसाळ्यात कुणाचंही लग्न असो, साखरपुडा असो, माणिकराव हजर. शेजारचा म्हणायचा, "घ्या की अजून बुंदी," आणि ते घ्यायचे. नको म्हटलं असतं तर बोलणं तिथंच थांबलं असतं.

एका लग्नात जेवून उठताना त्यांना भोवळ आली. शेजारी राहणारे अर्जुनराव त्यांना डॉक्टर सुकन्यांकडं घेऊन गेले. तपासण्या झाल्या.

"काका, उपाशीपोटीची साखर थोडीच जास्त आहे. जेवल्यावर मात्र फार चढते," डॉक्टर म्हणाल्या. "वजन वाढलंय, त्यामुळं शरीराला ती आवरत नाही. गोळी देते. पण आधी भाजी-वरण खायचं, मग भाकरी. भात अगदी थोडा, गोड बंद. आणि जेवल्यावर लोळायचं नाही, चालायचं."

"आन् पंगत?"

"सध्या नकोच."

माणिकरावांनी ऐकलं. मंडपातले लाऊडस्पीकर घरात बसून ऐकू लागले. सुरुवातीला लोक विचारायचे, "का बरं आला न्हाईत?" ते सांगायचे, "शुगर निघाली." पुढं पत्रिका यायची, पण आग्रह यायचा नाही. "तुमाला चालत न्हाई, म्हणून जोर केला न्हाई," असं गल्लीतल्या चतुराबाई एकदा म्हणाल्या. त्यांनी ते मायेनंच म्हटलं होतं.

जीवनचा फोन यायचा. "जेवलात?" "जेवलो." "चाललात?" "चाललो." मग फोन ठेवला जायचा.

अर्जुनरावांच्या मुलीच्या लग्नाला मात्र जाणं भागच होतं. माणिकराव घरून मेथीची भाजी आणि भाकरी खाऊन गेले. वधू-वरांवर अक्षता टाकल्या आणि मंडपाच्या कडेला उभे राहिले. पंगत बसली होती, वाढायला माणसं कमी होती, लोक वरणासाठी ओरडत होते. अर्जुनराव घामाघूम झाले होते.

"द्या इकडं ती बादली," माणिकराव म्हणाले.

"आहो, तुमी बसा!"

"जेवून आलोय. द्या."

ते वाकून वाढू लागले, पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग पुन्हा मागं. गुडघे दुखले, शर्ट पाठीला चिकटला. "माणिकराव, इकडं!" "माणिकराव, वरण!" चारी बाजूंनी नाव ऐकू येत होतं. घरात त्यांच्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं.

शेवटी वाढपी मंडळी जेवायला बसली. एकानं सरकून शेजारी जागा केली, मग त्याच्या ध्यानात आलं. "तुमाला तर शुगर हाय, न्हाई का?" म्हणत त्यानं ती जागा दुसऱ्याला दिली. माणिकरावांनी त्यांनाही बुंदी वाढली. हसत-खिदळत ते जेवत होते. बादली ठेवून माणिकराव निघाले, ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

तरीही पुढच्या लग्नाला ते गेले. त्याच्या पुढच्याही. घरून खाऊन जायचं आणि बादली उचलायची.

लग्नसराई संपता संपता पुन्हा तपासणी झाली. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि त्यांचा चेहरा खुलला. "वा, काका! जेवणानंतरची साखर बरीच उतरली. वजनही कमी झालंय. गोळी चालू ठेवा. एकट्यानं एवढं पथ्य जमत नाही हो लोकांना. कोण असतं सोबत जेवायला?"



"हायत की," माणिकराव म्हणाले, "लई माणसं असत्यात."

डॉक्टरांनी दुसऱ्या पेशंटला आत बोलावलं. माणिकरावांनी गोळ्यांची चिठ्ठी खिशात घातली आणि ते सावकाश खुर्चीतून उठले.