पाण्यातल्या घराची चाल

मी एक पिवळी कॅसेट बोलतेय. गाण्यांची नव्हे हं, व्हिडिओ गेमची. तळहातावर मावेन एवढीच. माझ्या अंगावरच्या कागदावर टोपलं घेऊन उडी मारणारा एक ठेंगणा गडी होता. कागद सोलत गेला, आता त्याचे नुसते पाय दिसतात.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कुठल्याशा कारखान्यातला. त्याच्याही आधी कुणीतरी माझ्यासाठी चाली बांधल्या. त्या माणसाचं नाव माझ्यावर कुठेच नाही. त्याच्या हाताशी सामान तरी काय होतं? एका वेळी तीन सूर आणि ताल धरायला थोडी खरखर. एवढ्यावर त्याला अशी चाल करायची होती, की पोरांनी दुपारभर वाजवली तरी घरच्यांचं डोकं उठू नये. मी स्वतः गात नाही. गायचं काय ते माझ्या पोटात असतं, गळा टीव्हीला जोडायच्या खेळाच्या खोक्याचा.

मला भोकरला आणलं आनंदराज कंडक्टरनी. नांदेडची फेरी करून एस.टी.तून उतरले, ते खाकी कपड्यांतच मला खोक्यात बसवायला लागले. त्यांची मुलगी महामाया तेव्हा शाळेत होती. प्रीतम तिच्याहून बराच लहान, त्याची बोटं बटणांना जेमतेम पुरायची.

आणि स्वयंपाकघरात धुरपताबाई, या पोरांची माय. तिनं मला कधी हातात घेतलं नाही. पण भाकरी थापता थापता तिला सगळं कळायचं. चाल बदलली की आतूनच विचारायची, "गेला व्हय रं तुमचा गडी पाण्यात?" आणि रडकी पिपाणी वाजली की, "मेला वाटतं. चला, जेवून घ्या आता."

पाण्यातलं घर हा माझा सगळ्यात अवघड भाग. पोरं तिथं अडकायची, म्हणून तीच चाल सगळ्यात जास्त वाजायची. संथ, झुलती. एकदा ऐन खेळात वीज गेली आणि प्रीतमनं भोकाड पसरलं. धुरपताबाईनं त्याला मांडीवर घेतलं. तोंडात तीच चाल होती, शब्द तिनं तिथल्या तिथे जुळवले.

"नीज माझ्या मासोळे, पाणी झालं निवळ,
तुझ्या मायचा पदर तुझ्याच जवळ."

पोरगं झोपलं. मी खोक्यात गप्प होते. माझी चाल माझ्याशिवाय चाललेली मी पहिल्यांदाच ऐकली.

मग पोरं मोठी झाली. मला पत्र्याच्या पेटीत, जुन्या गोधडीखाली जागा मिळाली. महामाया नर्स होऊन लातूरला गेली, तिथंच तिचं लग्न झालं. आनंदराज वारल्यावर धुरपताबाईही तिच्याकडे राहायला गेली. प्रीतम हदगावला नोकरीला लागला. मी पेटीतच राहिले. खोटं कशाला बोलू, कंटाळा आला होता.

यंदा प्रीतमनं भोकरचं घर रंगवायला काढलं आणि पेटी उघडली. मला बघून तो असा ओरडला की रंगारी शिडीवरून उतरून आला. पुढच्याच रविवारी मी खोक्यासकट लातूरला.

महामायाच्या घरात वेगळीच गडबड होती. तिची मुलगी विशाखा कॉलेजच्या युवक महोत्सवात लोकगीत गाणार होती. लोकगीत कुठलं, तर आजीची अंगाई, तीच मासोळीची, जी ऐकत विशाखाही मोठी झाली होती. मी पेटीत गेल्यावर माझी चाल सगळेच विसरले होते. आजीचं माहेर चाकूरचं, तेव्हा अंगाईही तिकडचीच, असं सगळ्यांनी कधीपासून धरून ठेवलं होतं. विशाखानं महोत्सवाची तयारी घेणाऱ्या सरांना तसंच सांगितलं होतं. पिढ्यान्‌पिढ्यांची अप्रकाशित अंगाई म्हणून सरांनी कॉलेजभर कौतुक केलं होतं.

प्रीतमनं मला टीव्हीला जोडलं. दोघं बहीणभाऊ लहान असल्यागत भांडत खेळू लागले. गडी पाण्यात उतरला आणि चाल सुरू झाली.

आतून मेथी निवडता निवडता धुरपताबाई ओरडली, "अगं विशाखा, माझी अंगाई टीव्हीत वाजून राहिली!"

प्रीतम पोट धरून हसला. मग त्याला भाचीचा चेहरा दिसला.

"मामा, उद्या स्पर्धा हाय," विशाखा म्हणाली. "आता मी सरांना काय सांगू?"

"कुणाला कळतंय? गाऊन टाक."

"मला कळलं न," धुरपताबाई दारात येऊन म्हणाली. मलाही वाटलं, आता ही ओशाळणार. ती मात्र टीव्हीसमोर बसून गालात हसत होती. "मी इसरूनच गेले होते बघ. शब्द माझे हायेत. चाल दुसऱ्या कुणाची तरी हाय. तसं सांग अन् गा. न्हाई बक्षीस भेटलं तर न्हाई."

दुसऱ्या दिवशी विशाखाच्या पर्समधून मी सभागृहात गेले. तिनं मला माइकसमोर धरलं.

"ही चाल लोकगीत नाही, या कॅसेटमधली आहे. मला कालच कळलं. शब्द माझ्या आजीचे आहेत. मला स्पर्धेतून बाजूला ठेवा, पण एकदा ऐका."

ती गायली. पुढच्या रांगांतली कॉलेजची मुलं शांत होती. मागे पालक आणि शिक्षक बसले होते, तिथून कुणीतरी गुणगुणायला लागलं. मग दुसरं कुणी. एक पोट सुटलेले गृहस्थ डोळे मिटून दोन्ही अंगठे हवेत हलवत होते. शेवटच्या ओळीला अर्धं सभागृह चाल गुणगुणत होतं, शब्द ठाऊक नसताना.

परीक्षक म्हणाले, "नियमाप्रमाणे गुण देता येत नाहीत." मग चष्मा काढून पुसला. "पाण्यातलं घर न? मी दरवेळी तिथंच मरायचो." सभागृहभर हशा पिकला. सर मात्र हसले नाहीत. ते उठून विशाखाच्या पाठीवर थाप मारून आले.

घरी आल्यावर धुरपताबाईनं विचारलं, "त्या पाण्याच्या पुढं काय वाजतंय?"

महामायानं प्रीतमकडे बघितलं, प्रीतमनं महामायाकडे. त्या घरातलं कुणी तिथवर पोचलंच नव्हतं.

विशाखा खेळायला बसली. मामा ओरडून वाट सांगत होता आणि चुकीची सांगत होता. गडी किती वेळा बुडाला, मोजलं नाही. शेवटी तो ओल्या अंगानं वर आला, एका लख्ख उन्हाच्या माळावर, आणि इतकी वर्षं माझ्या पोटात पडून असलेली चाल वाजली. चपळ, नाचरी.

"थांबा, कुणी बोलू नका," धुरपताबाई म्हणाली.

सध्या मी लातूरला याच खोक्यात आहे. चाल वाजत राहावी म्हणून विशाखानं गडी माळावर नुसता उभा करून ठेवलाय. धुरपताबाई मांडीवर बोटांनी ताल धरून शब्द शोधतेय. पहिली ओळ झालीय, दुसरी जुळेना. तेवढी जुळेपर्यंत कृपा करून कुणी टीव्ही बंद करू नका.